मुकादमानं हरळी खाल्ली

आमच्या घरात कुणाला हाक मारून उठवावं लागत नव्हतं. भिंतीपलीकडं मागाचा कारखाना होता. माग चालू असले की आम्ही गाढ झोपायचो, आणि बंद पडले की खाडकन जागे व्हायचो. आता कुणाला सांगितलं तर हसतात. पण ती खटाक-खटाक म्हणजेच आमची अंगाई होती. त्या मोठ्या दुष्काळात वीज कधीही जायची, माग मधेच मुके व्हायचे आणि आख्खी गल्ली दारात येऊन उभी राहायची, कुणी मेल्यासारखी. वीज नाही म्हणजे माग नाही, माग नाही म्हणजे काम नाही. मग पेंटम्मा सुताच्या कांड्या भरायचा चरखा बाजूला सारून आभाळाकडं बघत बसायची. पेंटम्मा म्हणजे आमच्या समोरची तेलुगू बाई, माझ्या आईएवढी. तिच्या तोंडाला लागण्यापेक्षा बैलाच्या शिंगाला लागलेलं बरं, असं आप्पा म्हणायचे.

आप्पा म्हणजे माझे वडील. त्या कारखान्यात ते खळीवर होते. खळ म्हणजे सुताला द्यायची पेज. मैदा पाण्यात कालवायचा, मोठ्या हंड्यात शिजवायचा, घट्ट झाला की सुताच्या लडी त्यात बुडवायच्या, पिळायच्या आणि बांबूवर वाळत घालायच्या. खळ दिल्याशिवाय सूत मागावर टिकत नाही, तटातटा तुटतं. आप्पांच्या हाताला कायम तो आंबूस वास असायचा. मी शाळा चौथीत सोडली आणि त्यांच्या हाताखाली लागलो. आता एकोणीस वर्षांचा होतो आणि माझ्याकडं मोरचूद कुटायचं काम होतं. मोरचूद निळा असतो, मोराच्या मानेसारखा, दिसायला लई देखणा. खळ नासू नये, सुताला बुरशी लागू नये म्हणून तो घालायचा. पण विष ते विषच. आप्पांचा नियम होता, मोरचूद सगळ्यात शेवटी. आधी खळ शिजवायची, मग त्यातली एक पळी बाहेर काढून दगडावर ओतायची, आणि मगच मोरचुदाचं पाणी हंड्यात सोडायचं. दगडावरची ती पळी मुकादमाची.

मुकादम म्हणजे कारखान्याच्या दारातलं कुत्रं. पिवळसर, एक कान फाटलेला. सकाळी दारात असा बसायचा आणि येणाऱ्या प्रत्येकाकडं असा बघायचा, की आपल्यालाच उशीर झाला असं वाटावं. म्हणून त्याला मुकादम नाव पडलं. मालकाला तो आवडत नव्हता, पण मालकाच्या चपला त्यानं एकदा चोरापासून राखल्या होत्या म्हणून खपून जायचा. आप्पांची एक पळी खळ हाच त्याचा पगार. आप्पा आम्हा पोरांशी कधी दोन शब्द गोड बोलले नाहीत, पण पळी ओतताना म्हणायचे, "घ्या मुकादमसाहेब, सही करा." आणि मुकादम जिभेनं दगड पुसून काढायचा.

दुष्काळात रेशनवर लाल मिलो मिळायचा, परदेशातून आलेली ज्वारी. त्याची भाकरी थापली की चिरायची, भाजली की विटकरीसारखी दिसायची आणि खाल्ली की पोटात दगडासारखी बसायची. आई त्याला शिव्या देत देतच थापायची. चटणीला शेंगा नव्हत्या, आमटीला डाळ नव्हती. मग कारखान्यात जी जी माणसं मैद्याला हात लावत, ती ती ओंजळभर मैदा घरी आणायला लागली. आप्पा धोतराच्या सोग्यात आणायचे. मालकाला माहीत होतं का? असणारच. बघून न बघितल्यासारखं करत होता. हे मी लपवून ठेवत नाही. चोरी ती चोरीच. पण त्या सालात ज्यानं चोरी केली नाही त्यानं मला येऊन सांगावं, त्याच्या घरी चूल कशावर पेटत होती ते.

अशा सालात माझं लग्न झालं. लग्न आधीच ठरलं होतं, आणि मोडायचं तर अपशकुन, म्हणून पाच माणसांत उरकलं. महादेवी अक्कलकोटच्या पलीकडली. घरी कानडी बोलणारी. मराठी तिला समजायची सगळी, पण बोलताना शब्द एकेक करून ठेवायची, कपबशी ठेवल्यासारखे. आमच्या घरातही कानडी होतीच, आईचं माहेर तिकडचंच, पण आईनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "हितं गल्लीत मराठीच बोल, न्हायतर लोक म्हणतील शिव्या द्यायलीय." महादेवी सतरा वर्षांची होती. माहेरी तिच्या बापाची शेरडं होती आणि ती त्यांच्यामागं हिंडलेली. त्यामुळं असेल, माणसांकडं ती फार बघायची नाही, जनावरांकडं बघायची. मुकादम लंगडला तर हिला आधी दिसायचं. गल्लीतली शेरडी चारा सोडून उभी राहिली तर ही थबकायची. मी चेष्टा करायचो, "तुला डॉक्टरीण करू का शेरडांची?" ती म्हणायची, "करा की."

लग्नाला चार महिने झाले तरी मी तिला कुठं नेलं नव्हतं. नेणार कुठं आणि सांगणार कसं? आमच्याकडं नव्या नवऱ्यानं बायकोला घेऊन सिनेमाला जायचं म्हणजे बापासमोर उघडं फिरल्यासारखं. तोंडातून शब्दच निघत नाही. मग मी आईला सांगितलं, महादेवीच्या मावशीला बरं नाही, पलीकडच्या पेठेत आहे, भेटवून आणतो. आईनं बरं म्हटलं. आप्पांना काही सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशीचा मोरचूद कोण कुटणार? म्हणून मी आदल्या दिवशीच संध्याकाळी चार दिवसांचा मोरचूद कुटला. कुटून पुडी बांधून ठेवली असती तर ही गोष्टच घडली नसती. पण पुडी दिसली की आप्पा विचारणार, आधीच का कुटलंस, उद्या कुटं जायचंय? म्हणून मैद्याच्या पिंपात तळापर्यंत हात घालून सगळा मोरचूद कोरड्या मैद्यातच कालवून टाकला. वाटलं, सकाळी निघता निघता सांगू, मोरचूद पडलाय, नुसतं शिजवा. मोठी अक्कल केली असं वाटलं. वयच तसलं होतं, आळसालाच अक्कल समजायचं.

सकाळी वीज लवकर येणार म्हणून आप्पा माझ्या आधीच कारखान्यात गेलेले. भिंतीपलीकडं जाऊन सांगायचं, एवढंच काम होतं. पण गेलो असतो तर त्यांनी मला लडी पिळायला जुंपलं असतं, आणि खेळ बाराचा. मनात म्हटलं, मोरचूद दोनदा पडला म्हणून सूत काय मरत नाही. अंघोळ केली, केसाला तेल लावलं आणि निघालो. गल्लीच्या तोंडापर्यंत महादेवी दहा पावलं मागं. पुढं रस्त्याला लागल्यावर शेजारी आली.

सिनेमा काय होता ते मला आठवत नाही. पडद्यापेक्षा मी तिच्याकडंच जास्त बघितलं. मध्यंतरात कागदाच्या पुडीतल्या शेंगा घेतल्या. दुष्काळात शेंगा म्हणजे चैन. एक शेंग ती, एक मी. ती म्हणाली, "आप्पा एकटेच कुटत बसले असतील की."

"कुटायची गरजच न्हाय. सगळा मोरचूद कालच मैद्यात कालवून टाकलाय मी."

ती शेंग सोलायची थांबली. "मग मुकादमाचं?"

"मुकादमाचं काय?"

"त्याचा वाटा आधी काढतात की."

"गप. सुरू व्हायलंय."

एवढंच. मी तिला गप केलं आणि तीही गप बसली. पण पुढं तिनं शेंग खाल्ली नाही. पुडी तशीच तिच्या मांडीवर राहिली. मला वाटलं, माझ्यासाठी ठेवलीय, म्हणून मीच संपवली.

परत येताना ती पुढं गेली आणि मी कोपऱ्यावर थांबलो. दोघं एकदम गल्लीत शिरायचं नाही. जरा वेळानं मी आलो तर नळापाशी ही गर्दी. सरकारी नळ होता तो, तासभर पाणी यायचं, बाकी वेळ थेंब थेंब गळायचा. त्या गळतीवर हातभर जागेत हरळी उगवली होती. गल्लीत तेवढंच हिरवं. पेंटम्मानं गणपतीला दूर्वा वाहायच्या म्हणून भोवती दगड लावून ती राखली होती. पोरांनी पाय टाकला तरी ती अंगावर धावून जायची. आणि त्या दगडांच्या आत मुकादम उभा होता आणि हरळी खात होता. आणि पेंटम्मा त्याला हाकलत नव्हती. ती हात जोडून उभी होती.

"कुत्रं गवत खायलंय! बघा बघा! पाऊस येतो आता, तीन दिवसांत येतो!"

आमच्याकडं ही जुनी समजूत. कुत्र्यानं गवत खाल्लं की पाऊस. इतर वेळी कुणी लक्ष दिलं नसतं. पण त्या दिवशी गल्ली वेडी झाली. ज्या माणसांनी दोन वर्षं आभाळाकडं बघून माना दुखवून घेतल्या होत्या, त्यांना एका फाटक्या कानाच्या कुत्र्यानं सांगावा आणला होता. पेंटम्मा घरातून कुंकू घेऊन आली आणि तिनं त्याच्या कपाळाला लावलं. कुणीतरी आप्पांना बोलावलं. वीज गेलेली, ते घरीच होते. आप्पा आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि हसले. "आमचा मुकादम हाय तो. त्याची सही झाली म्हंजे पाऊस येणारच की!" त्या सालात आप्पा हसलेले मी तेवढंच बघितलं.

परवा आमच्या गल्लीत गुरांचा डॉक्टर आला होता, कुत्र्यांना सुया टोचायला. तरुण पोरगा. मी त्याला विचारलं, कुत्रं गवत का खातं? तो म्हणाला, "आजोबा, बरीचशी कुत्री नुसतं आवडतं म्हणून खातात. काही पोट बिघडलं म्हणून खातात. नक्की असं कुणालाच सांगता येत नाही." मला पोरगा आवडला. माहीत नाही ते माहीत नाही म्हणाला. आमच्या दारातलं आताचं कुत्रंही गवत खातं. आरामात खातं, शेंडे शेंडे कुरतडून, शेपूट हलवत, आणि मग खुशाल झोपतं. त्याला काही झालेलं नसतं. म्हणजे कुत्र्यानं गवत खाल्लं म्हणून ते आजारीच, असंही नाही आणि पाऊस येतो, असंही नाही. त्या दिवशी मुकादम कसा खातोय हे बघायचं होतं, आणि ते गल्लीत एकाच माणसानं बघितलं. तो चावत नव्हता, गिळत होता. मान लांब करून, डोळे बाहेर काढून, मातीसकट हरळी ओढत होता आणि अख्खी गिळत होता. त्याच्या पोटाची कातडी आत ओढली जात होती. आमच्यासमोर ते सगळं होतं. आम्हाला पाऊस दिसत होता.

आईनं तोवर ओट्यासमोरच्या चुलीवर पातेलं चढवलं होतं. पावसाचा शकुन झाला म्हणजे तोंड गोड करायला पाहिजे. आप्पांनी त्या दुपारीच सोग्यातून मैदा आणला होता, आणि कुठल्यातरी सणासाठी गुळाचा एक खडा आईनं फडक्यात बांधून ठेवलेला होता. तो तिनं काढला. मैदा भाजून गूळ घालून तिनं लापशी केली. गूळ काळा होता, लापशी काळपट झाली, त्यात निळं काय दिसणार? आणि नैवेद्याची म्हणून तिनं चाखली नाही. आधी सिद्धेश्वराला, मग पोरांना, मग आपण. तो भाजल्याचा आणि गुळाचा वास गल्लीत पसरला आणि पोरं जमली. सात-आठ जणं, हातात ताटल्या, कुणाच्या हातात नुसतं झाकण. माझी धाकटी बहीण कस्तुरा सगळ्यात पुढं बसलेली. आई म्हणत होती, "ढकलू नका रे, देवाला दाखवू दे आधी."

तेवढ्यात मुकादम ओकला. एकदा, दोनदा. हरळीचा गुंडा बाहेर आला, त्याच्याबरोबर फेस आणि पाणी. पाण्याला मोरपंखी झाक होती. लोक म्हणाले, झालं, पोट साफ झालं, आता पाऊस बोलावतोय. मी तो रंग लगेच ओळखला. तो रंग मी रोज कुटत होतो. मोरचूद शेवटी, पळी आधी. पळीत मोरचूद आला म्हणजे तो मैद्यातून आला. आणि मैदा पातेल्यात होता.

महादेवी गर्दीच्या कडेला पदर धरून उभी होती. ती म्हणाली, "पाऊस न्हाय त्यो. पोट जळतंय त्याचं. काय खाल्लंय बघा."

पेंटम्मा खदखदली. "अय्यो! नवी नवरी पंचांग सांगायलीय! काय गं, तुझ्या माहेरी पाऊस कोण आणतंय? बोकूड?" सगळे हसले.

महादेवी हसणाऱ्यांकडं बघत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती. बोलायला मी हवं होतं. "आई, ते पोरांना देऊ नकोस," एवढं पुरलं असतं. पण पुढचा प्रश्न मला आधीच ऐकू आला: का? मग पिंप, मग मोरचूद, मग काल का कुटलास, मग आज कुठं होतास, मग सगळ्या गल्लीसमोर सिनेमा. मी खाली बघितलं. पुन्हा वर बघितलं तेव्हा ती अजून माझ्याकडंच बघत होती. मी परत खाली बघितलं. आई पानावर नैवेद्य वाढून हात जोडत होती.

मग महादेवी चालत गेली. धावली नाही, चालत गेली. पदरानं पातेल्याचा काठ धरला आणि पातेलं चुलीतल्या राखेत उपडं केलं. नैवेद्याचं पानही पायानं सारलं. कस्तुरा वाकून सांडलेल्यात बोट घालायला गेली तर हिनं तिला धक्का मारून पाडलं आणि दोन्ही हातांनी वर राख लोटली. लापशी दिसेनाशी होईपर्यंत लोटत राहिली. हात भाजत होते तरी लोटत राहिली.

मग पोरं रडायला लागली, आणि आई उठली. तिनं फुंकणी उचलली. एक, दोन, तीन. पाठीवर, दंडावर, मिळेल तिथं. "दुष्काळात अन्न सांडलंस! देवाचं पान लाथाडलंस! कुणाची गं तू? कुणी धाडलं तुला आमच्या घरात?" महादेवी खाली बसली होती, डोकं गुडघ्यात, आणि एक शब्द बोलत नव्हती. आप्पांनी आईला धरलं, पण तेही ओरडले, "हिला आत न्या कुणीतरी!" पेंटम्मानं कानाला हात लावले. "बाधा हाय बाई. न्हायतर असं कोण करतंय?"

आणि मी? मी मुकादमाजवळ जाऊन बसलो. त्याचं तोंड धुतलं. लोकांना वाटलं, बिचाऱ्याला बायकोची लाज वाटतेय. वाटू दिलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी आप्पांच्या आधी कारखान्यात गेलो. ते आले तेव्हा मी पिंपासमोर उभा होतो. काही बोलायच्या आधी त्यांनी झाकण काढलं, ओंजळीत मैदा घेतला, दारातल्या उजेडात नेला आणि बोटानं पसरला. बारीक निळे कण. जिभेला लावून थुंकले. "काल खळ निळसर वाटली मला," ते म्हणाले, "वाटलं, डोळं गेलं." मग विचारलं, "कुणी?"

मी सगळं सांगितलं. सिनेमाही सांगितला. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते पोत्यावर खाली बसले. "कस्तुरा पुढं बसली होती," म्हणाले. नंतर म्हणाले, "बोलू नगंस कुटं. मैदा घरात कसा आला ते इचारतील. मालकाच्या कानावर गेलं तर माझं काम जाईल, आन् मैदा तर सगळ्यांचाच बंद होईल. तुझ्या आईला तर अजिबात न्हाय, तिच्या पोटात काय ऱ्हात न्हाय."

"आन् ती? मार खाल्ला तिनं."

आप्पा उठले आणि त्यांनी पिंपाची एक बाजू धरली. आम्ही दोघांनी ते पिंप उकिरड्यावर नेलं आणि मैदा मातीत कालवून पुरला. मालकाला सांगितलं, उंदीर मेला होता आत.

मुकादम वाचला. ओकला म्हणूनच वाचला असेल. दोन दिवस नळाखाली पडून होता. पण पुढं आप्पांनी दगडावर पळी ओतली की लांबूनच वास घ्यायचा आणि तोंड फिरवायचा. आप्पा म्हणायचे, "रागावलेत साहेब." मरेपर्यंत त्यानं पुन्हा खळ चाटली नाही.

तीन दिवस झाले, आठ झाले, पाऊस आला नाही. कुत्र्याचा शकुन खोटा कसा ठरेल? मग कुणीतरी खोटं पाडलं असणार. ते कोण, हे गल्लीला शोधावं लागलं नाही. महादेवी नळावर गेली की बायका घागरी सरकवून घ्यायच्या. तिची घागर सगळ्यात शेवटी, तोवर पाणी गेलेलं. आईनं तिला चुलीला शिवू दिलं नाही, वर्षभर. धुणं, झाडलोट, शेण, तेवढं तिचं. आप्पा एक करायचे. जेवायला बसले की म्हणायचे, "पाणी सुनंनं द्यावं." आई भरलेला तांब्या पुढं करायची तर घ्यायचे नाहीत. महादेवीनं हातात दिला तरच प्यायचे. आईला वाटायचं, सासरा सुनेला लाडावतोय. त्यांना जमलं तेवढं त्यांनी केलं. मला तेवढंही जमलं नाही.

एकदा मात्र मी उठलो होतो. नळावर पेंटम्मा सगळ्यांसमोर तिला म्हणाली, "तुझी सावली पाण्यात पाडू नकोस, आटंल." मी ओट्यावरून खाली उतरलो. आता सांगून टाकतो, काय व्हायचं ते होऊ दे. महादेवीनं घागर ठेवली आणि मान हलवली. "बेडा," म्हणाली. नको. घरात आल्यावर म्हणाली, "तुमी बोललात तर आप्पांचं काम जातंय. मला काय हुतंय? शिव्या अंगाला चिकटत न्हाईत."

मी खाली बसलो. लई बरं वाटलं मला, हे लिहितो. तिनं नको म्हटलं म्हणून मी सुटलो.

पुढं पाऊस आला, दुष्काळ सरला, आम्हाला पोरं झाली. आप्पा गेले, आई गेली. आईनं शेवटपर्यंत महादेवीच्या हातचं गोडधोड खाल्लं नाही. हसून म्हणायची, "ही सांडती बाई." महादेवीही हसायची. कारखाना बंद पडून आता पंधरा-वीस वर्षं झाली. महादेवी जाऊन आठ महिने. तिनं कुटलेली शेंगाची चटणी डब्याच्या तळाला अजून आहे. खवट झालीय. सून म्हणते, "मामा, टाकून देऊ का?" मी टाकू देत नाही आणि खातही नाही.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. ती अंगणात बसून मेथी निवडत होती, मी खाटेवर. आईही नव्हती, आप्पाही नव्हते, लपवायचं कुणापासून काही राहिलं नव्हतं. मी म्हटलं, "मादेवी, त्या साली नळावर मी बोलायला निघालो होतो. तू अडवलंस. न्हायतर तेव्हाच सगळं साफ झालं असतं. इतकी वर्षं तुला ऐकावं लागलं नसतं."

तिनं मान वर केली नाही. एक काडी मोडली, पानं टोपलीत टाकली. म्हणाली, "नळावर कशाला? मी तुमच्याकडं बघत हुते ना, पातेल्यापाशी. तवा बोलायचं हुतं. सांडल्यावर कुणीबी बोलतंय."

राग नव्हता आवाजात. मेथी किती निघाली ते सांगावं तसं तिनं ते सांगितलं आणि पुढची जुडी सोडली.

तिचं खरं होतं. आता नातीच्या जुन्या वहीत हे सगळं लिहून काढलंय, नावासकट, चोरीसकट. मुलगा म्हणाला, बरं झालं बाबा, मोकळं झालात. मी मोकळा झालो नाही. हेसुद्धा सांडल्यावरचंच बोलणं आहे.